तिनं पान्हा चोरला

माझ्या नवऱ्याला एखादी गोष्ट बिघडलेली दिसली की बरं वाटतं. चालू पंखा, चालू मिक्सर, चालू संसार यांच्याकडे त्याचं लक्षही जात नाही. पण कुठे काही खरखरायला लागलं की त्याचे कान टवकारतात आणि हात शिवशिवायला लागतात. चाकणच्या एका कंपनीत तो मेंटेनन्सला फिटर आहे. राजगुरुनगरला आमच्या घरी मला बघायला आला होता तेव्हा चहा येईपर्यंत त्यानं आमच्या पुढच्या दाराची बिजागरी काढून पुन्हा बसवली. माझे वडील खूश. मला तेव्हाच कळायला हवं होतं की या माणसाला माझ्यापेक्षा दार जास्त आवडलंय.

चाकणजवळ सासरी म्हशी होत्या, त्यामुळे त्याची निम्मी डोकॅलिटी गोठ्यात खर्च व्हायची. धार काढणाऱ्याच्या तोंडावर शेणाची शेपूट बसू नये म्हणून त्यानं शेपटीला लावायचा चिमटा केला. गोचीड काढायला हॅक्सॉच्या जुन्या पात्यांची फणी केली. औषध मारायच्या पंपाला वाकडी नळी लावली, म्हणजे माणसाला न वाकता म्हशीच्या पोटाखाली फवारा मारता यावा. हसण्यावारी नेऊ नका, यातलं सगळं चालायचं. त्याच्या मशीनमध्ये खोट कधीच नसायची. शेजारपाजारचे म्हणायचे, "राव, तुमच्या म्हशी आमच्या बायकांपेक्षा सुखी." बायका यावर काही बोलायच्या नाहीत.

आता एक शब्द सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच फिरलं. आमच्याकडे फिटरच्या हातात असतो तो पान्हा, आणि धारेला बसल्यावर म्हैस सडांत दूध उतरवते तोही पान्हाच. कास भरलेली असूनही म्हशीनं दूध वर ओढून धरलं, थेंब दिला नाही, की तिनं पान्हा चोरला म्हणतात. आमच्या घरात दोन्ही पान्हे रोज लागायचे. "पान्हा कुठाय?" असं नवरा ओरडला की सासूबाई आतून विचारायच्या, "तुझा का माझा?" हा घरातला जुना विनोद. आता तो कुणी करत नाही.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. जमीन कंपन्यांसाठी गेली तेव्हा आत्या रडल्या नव्हत्या. सासरे गेले तेव्हाही चार माणसांत डोळ्यांतून पाणी काढलं नाही. त्यांना मी रडताना पाहिलं ते ओढ्यापायी. वरच्या अंगाला कारखाने वाढत गेले तसा ओढ्याचा रंग बदलला. आधी फेस यायला लागला, मग तेलाचा तवंग, आणि एका उन्हाळ्यात डुंबायला गेलेल्या म्हशी अंगावर फोड घेऊन परत आल्या. पाठीवरचे केस हातात यायला लागले. म्हैस हे पाण्यातलंच जनावर, तिला पाणी तोडलं की तिचं डोकं फिरतं. आत्या ओट्यावर बसून पदरात तोंड घालून रडत होत्या आणि म्हणत होत्या, "मानसांनी कुटंबी न्हावं गं, ह्या मुक्यांनी कुटं जायाचं?"

एकेक करून म्हशी विकल्या आणि एक ठेवली. आमच्याच गोठ्यात जन्मलेली, कपाळावर पांढरा चांद असलेली. बोअरच्या पाण्यानं आत्या तिला दारात अंघोळ घालायच्या. नारळाची शेंडी घेऊन पाठ घासायच्या, मग शेंडी टाकून नुसत्या तळव्यानं मानेपासून शेपटीपर्यंत चोळत जायच्या. सोबत बोलणं चालू. कुणाच्या सुनेनं काय केलं, डाळ काय भाव झाली, पोरगा उशिरा का येतो. शेवटी कोमट पाण्यानं कास धुवायची आणि बसल्या बसल्या धार. तिसऱ्या वेताला तिचं रेडकू जन्मून आठवडाभरात मेलं. रेडकू नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही. काही लोक मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून आईपुढं ठेवतात, तिला फसवायला. आत्यांनी ते करू दिलं नाही. त्या तिला रोजच्यासारखी अंघोळ घालत राहिल्या, चोळत राहिल्या, आणि एका संध्याकाळी तिनं त्यांच्या हाताला पान्हा सोडला. पण फक्त त्यांच्याच हाताला.

मी बसून पाहिलं. मी कासेला हात लावला की ती पाय झाडायची. मला ती सवत समजत असावी. नवरा बसला तर त्याच्या अंगाच्या ग्रीसच्या वासानं मान वळवून फुरफुरायची. घरात दोन धडधाकट माणसं आणि म्हैस पोसायची म्हातारीच्या दोन हातांवर, अशी आमची गत होती.

आणि ते हातच गेले. आधी सकाळी बोटं आखडायची, मग दिवसभर आखडलेलीच राहायला लागली. सांधे सुजून आल्याच्या गड्ड्यांसारखे झाले. डॉक्टरांनी गार पाण्यात हात घालायचा नाही म्हणून बजावलं. आत्यांनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन पहिली बादली भरली. नवऱ्यानं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. त्या इतकंच म्हणाल्या, "ती गेली तर म्या सकाळी उटून करू काय?"

हे त्यांनी रागानं किंवा रडून नाही विचारलं. खरंच विचारलं. मी तिथंच उभी होते. शेत नाही, ओढा नाही, आम्ही दोघं नवराबायको कंपन्यांत शिफ्टला. त्यांच्या दिवसाला ती म्हैस सोडून दुसरं काही नव्हतं. नवऱ्यानं मात्र तो प्रश्न आपल्या पद्धतीनं ऐकला. हात चालत नाहीत, म्हणजे हाताचं काम करणारं काहीतरी बसवायला पाहिजे.

मोबाइलवर त्यानं परदेशातल्या गाई पाहिल्या होत्या. गोठ्यात एक मोठा ब्रश टांगलेला, गाय त्याखाली गेली की ब्रश आपोआप फिरतो, गाय डोळे मिटून उभी. तो व्हिडिओ त्यानं आत्यांना दहादा दाखवला असेल. मग कुदळवाडीच्या भंगारातून मोटर आली, गिअरबॉक्स आला, कन्व्हेयरचे पट्टे साफ करायचे नायलॉनचे लांब ब्रश आले. जनावराला सुई देताना डॉक्टर ज्यात उभं करतात तसा लोखंडी पाइपचा खोडा त्यानं वेल्डिंग करून उभा केला, दोन्ही बाजूंना ब्रश आणि वर पाण्याचे फवारे लावले. पाणी कोमट यावं म्हणून पत्र्यावर काळ्या पाइपचं वेटोळं टाकलं. सुटीच्या दिवशी सगळा गाव बघायला आला. म्हैस आत गेली, ब्रश फिरले, फवारे उडाले, आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या पाठीत तोंड दिसलं असतं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "भावा, आता बायकोसाठी एक बनव."

संध्याकाळी आत्या वाकड्या बोटांनी कशाबशा धारेला बसल्या. म्हशीनं थेंब दिला नाही.

नवऱ्यानं ब्रशाचा वेग कमी केला. मग ब्रशाला गोणपाट गुंडाळलं. मग मोटरचा आवाज नको म्हणून ती भिंतीपलीकडे नेली. म्हैस दर वेळी स्वच्छ व्हायची, दर वेळी खोड्यात अंग आकसून उभी राहायची, आणि कातडी थरथरवायची, माशी बसल्यावर थरथरवतात तशी. मशीन फिरलं त्या दिवशी पान्हा नाही तो नाही.

तेव्हा आमच्या मागच्या खोलीत परभणीकडचं एक जोडपं भाड्यानं राहायचं. नवरा एका कंपनीत कंत्राटावर, बायको घरात. ती रोज सकाळी दूध न्यायला यायची आणि नको म्हटलं तरी जाताना गोठा झाडून जायची. एक दिवस आत्यांची बोटं पाहून ती पुढं झाली. "मी बसू का? गावाकडं काढायचे मी." आत्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग आत जाऊन स्वतःचं जुनं लुगडं आणलं. धारेची बाई आजारी असली किंवा गावाला गेली की दुसरीनं तिचं लुगडं अंगावर घेऊन बसायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. जनावर वासावर ओळखतं. न धुतलेलं लुगडंच लागतं. परभणीच्या त्या पोरीनं ते साडीवरूनच गुंडाळलं आणि नारळाची शेंडी उचलली.

आत्या शेजारी पाटावर बसायच्या आणि बोलायचं काम करायच्या. हात तिचे, आवाज यांचा. सुरुवातीला म्हशीनं लाथा झाडल्या. मग नुसती शेपूट. मग मान वळवून लुगड्याचा वास घेतला. आणि एक दिवस मी शिफ्टवरून आले तर गोठ्यातून चरवीत धार पडल्याचा आवाज येत होता आणि आत्या त्या पोरीला सांगत होत्या, "हळू वढ, ती काय पळून जात न्हाई." मी चप्पल न काढता तशीच दारात उभी राहिले. इतकं बरं मला त्या वर्षात कधीच वाटलं नव्हतं. आत्या अर्ध्या रात्री उठून बसायच्या ते बंद झालं. पोरीला घरचं दूध फुकट, वर दोन वेळचं ताक. सगळं मार्गी लागलं होतं.

नवऱ्याला तेवढं मान्य होईना. त्याचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मी म्हणत नाही. "भाडेकरू आज आहेत, उद्या नाहीत," तो म्हणायचा. "तिचा नवरा उद्या दुसऱ्या कंपनीत लागला तर? हाताची सवय लावू नका, मशीनची लावा." म्हणून पोरगी धार काढायची संध्याकाळी आणि हा सेकंड शिफ्टला जायच्या आधी सकाळी म्हशीला मशीन दाखवायचा. एकदा ब्रशाचं बेअरिंग खडखडायला लागलं. ते आवळायला लागणारा मोठा रिंग पान्हा त्यानं रात्री येताना कंपनीतून आणला, लगेच परत करतो असं स्टोअरवाल्याला सांगून. दुसऱ्या सकाळी बेअरिंग आवळलं, मशीन चालवलं, उशीर झाला म्हणून तसाच पळाला. कंपनीत पोचल्यावर कळलं की पान्हा पिशवीत नाही. स्टोअरवाला दोनदा विचारून गेला. कंत्राटाचे दिवस, गेटवर तपासणी, हत्यार बाहेर नेलं म्हणून नोकरी गेलेली माणसं त्याला माहीत होती. दुपारभर त्याच्या डोक्यात तो एकच पान्हा.

इकडे सकाळच्या त्या ठोकाठोकीनं आणि मशीननं बिथरलेल्या म्हशीनं संध्याकाळी त्या पोरीलाही दाद दिली नाही. आत्या घाबरल्या आणि त्यांनी लेकाला फोन लावला. मी नुकतीच आले होते, मोरीत पाय धूत होते, त्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकू आलं.

"आरं, पान्हा चोरला तिनं."

पलीकडे कॉम्प्रेसरचा आवाज असणार. तो काहीतरी बोलला.

"कोन म्हंजी? तीच की. हितंच हुबी हाय मुकाट, काय झालंच न्हाई आशी."

पुन्हा काहीतरी.

"ती कुटं जातीय. ये तू."

मला यात काहीच वावगं वाटलं नाही. आत्या म्हशीबद्दल बोलत होत्या आणि आमच्या घरात म्हशीला "ती" म्हणायचीच पद्धत. मी चहा ठेवला. गेटपास काढून, चाकणच्या चौकातल्या सगळ्या ट्रेलरांच्या मधून गाडी घालत तो आला तेव्हा चहा गार झालेला होता. तो घरात न येता सरळ गोठ्यात गेला. तिथं ती पोरगी आत्यांचं लुगडं गुंडाळून म्हशीच्या कासेला कोमट पाणी लावत बसली होती.

"पान्हा दे," तो म्हणाला.

"देईना बगा भाऊ," ती म्हणाली. "लई गोंजारलं, पर काही केल्या देईना."

"देईना म्हणजे? कंपनीचा आहे तो."

"कंपनीचा?" तिनं मान वर केली. तिला हसू आलं असावं, कारण तिला वाटलं भाऊ चेष्टा करतात. तिचं हसणं पाहून याचा तोल गेला.

"चोरून वर हसतेस? माझी नोकरी जाईल, कळतंय का? इथं ब्रशाजवळ ठेवला होता. तुझ्याशिवाय या गोठ्यात येतं कोण?"

मी धावले, पण शब्द बाहेर पडून गेले होते. आत्या पाटावरून उठायची धडपड करत होत्या आणि त्यांना भिंत धरता येत नव्हती. "आरं मुडद्या, म्हस. म्हस रं," एवढंच त्या म्हणत होत्या. पोरगी उभी राहिली. काय झालं ते तिला आता कळलं होतं. तिनं बादली बाजूला सरकवली, हात पुसले, अंगावरचं लुगडं सोडलं आणि त्याची नीट घडी केली. घडी करताना ती कुणाकडे बघत नव्हती. लुगडं तिनं आत्यांच्या पाटावर ठेवलं आणि मागच्या खोलीकडे निघून गेली. ती गेल्यावर म्हशीनं मान वळवून ती गेली त्या बाजूला पाहिलं.

पान्हा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. गव्हाणीत, कडब्याखाली. घाईत त्यानं तो कडेवर ठेवला असणार आणि म्हशीनं तोंडानं आत ढकलला असणार. दोन माणसांचं नुकसान करून लोखंड आपलं कडब्यात शांत पडून होतं. नवरा तसाच मागच्या खोलीवर गेला आणि हात जोडले. पोरीचा नवरा समजूतदार होता. "असू द्या राव, ऐकण्यात फरक झाला, होतं असं," म्हणाला. चहाही दिला. पण ती दूध न्यायला आली नाही, पिशवीचं दूध आणायला लागली. आणि पुढच्या भाड्याच्या आधी त्यांनी खोली सोडली, भोसरीला गेले. मी माझ्या नवऱ्याला तेव्हा पुष्कळ बोलले. नंतर बोलणंही संपलं. त्याचं तोंड बघवत नव्हतं.

आत्यांचं लुगडं गुंडाळून मीही बसून पाहिलं, पण म्हशीनं पायच झाडले. दूध निघालं नाही की कासेत गाठी होतात. दगडी म्हणतात त्या रोगाला, आणि कास खरोखरच दगडासारखी होते. डॉक्टर आले, सडांत औषधाच्या नळ्या सोडल्या. नवऱ्यानं शेक द्यायला प्लास्टिकच्या पाइपाचे चार पेले केले, आत गरम पाणी खेळतं राहील असे, सडांना बसवायचे. त्यातही खोट नव्हती. पेले बसायचे, पाणी खेळायचं, म्हैस डोळे पांढरे करून उभी राहायची. एका गवळ्यानं पान्ह्याचं इंजेक्शन सुचवलं. चोरून मिळतं, टोचलं की दूध आपोआप खाली येतं. आत्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "माज्या हातानं सोडती ती. तिला सुई मारून वढायाचं आसंल तर आदी मला मारा." नवरा गवळ्यामागं दोन पावलं गेला आणि परत आला.

मग मी भोसरीला गेले. सुटी टाकून, शेअर रिक्षात दाटीवाटीनं बसून, वर्कशॉपच्या गल्ल्या पालथ्या घालत तिची खोली शोधली. एका पत्र्याच्या शेडवर पत्र्याचीच खोली. मला बघून तिचा चेहरा उजळला, यानंच मला जास्त वाईट वाटलं.

"कामून आलाव एवढ्या उन्हाचं?" ती म्हणाली आणि स्टोव्ह पेटवायला लागली.

मी सगळं सांगितलं. गाठी, सुया, आत्या जेवत नाहीत. निदान आठ-पंधरा दिवस ये, म्हटलं, येण्याजाण्याचं आम्ही बघू. आत्यांनी ते लुगडं न धुता ठेवलंय, हेही सांगितलं. ती ऐकत होती. मग तिनं दोन्ही हात माझ्या नाकाजवळ आणले. तिला एका वर्कशॉपमध्ये काम लागलं होतं. गंजू नयेत म्हणून तयार पार्ट तेलात बुचकळून ट्रेमध्ये लावायचे, दिवसभर. हाताच्या रेघांत काळं भरलेलं होतं.

"साबण लावलं, राख लावली, लिंबू चोळलं. जाईना हा वास," ती म्हणाली. "भाकरीला येतो. तुमची म्हैस जवळ येऊ देईल का मला?"

नवऱ्याच्या ग्रीसला ती म्हैस फुरफुरायची, ते त्या पोरीनं रोज पाहिलं होतं. रागावून नकार दिला असता तर मी भांडले असते, पाया पडले असते. पण ती खरं बोलत होती. तिनं चहा दिला, आत्यांसाठी पुडीत बांधून तीळ दिले. परतीच्या रिक्षात मी रडले आणि बाजूच्या बाईनं मला खिडकीकडची जागा दिली.

म्हशीचे दोन सड गेले. आता ती नुसती खाणारी, आणि पुढं गाभण राहील याची डॉक्टरांना खात्री नव्हती. नवऱ्यानं बाजाराचा विषय काढला तेव्हा आत्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. चाकणच्या बाजारात अशी म्हैस कोण घेतं आणि कशाला घेतं ते आमच्या भागात पोराटोरांनाही माहीत आहे, कुणी कुणाला सांगत नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी आत्या आपणहून उठल्या. "न्हाऊ घालून धाडीन," म्हणाल्या. नवरा मशीनच्या बटणाकडे वळला तसा त्यांनी कोपर आडवं धरलं. मग मी पाणी ओतत राहिले आणि आत्या घासत राहिल्या. बोटं मिटत नव्हती, उघडत नव्हती, म्हणून मनगटानं, कोपरानं, हाताच्या पाठीनं. मानेपासून शेपटीपर्यंत. आणि बोलणं सुरू. पाऊस लांबलाय, कांदा सडला, तू तिकडं गेलीस की दंगा करू नकोस. म्हैस मान खाली घालून उभी होती. मी कासेवर पाणी ओतायला वाकले आणि बघते तर उरलेल्या दोन सडांतून दूध गळत होतं. कुणी हात लावला नव्हता. आपोआप, थेंब थेंब, मग धार लागल्यासारखं. खाली भांडं ठेवायला कुणालाच सुचलं नाही. पांढरं पाणी फरशीवरून वाहत मोरीकडे गेलं आणि आत्या "बास, बास गं" म्हणत तिच्या मानेवर डोकं टेकून उभ्या राहिल्या. नवरा गोठ्याबाहेर जाऊन बसला. टेम्पो वेळेवर आला.

त्यानंतर आत्यांनी अंथरूण धरलं असं म्हणता येणार नाही, कारण उठवलं की त्या उठतात. बसवलं की बसतात, भरवलं की खातात. "म्या सकाळी उटून करू काय?" असं त्यांनी विचारलं होतं. काहीच करत नाहीत, हे त्याचं उत्तर. अंघोळही आता दुसऱ्यानं घालावी लागते. मला पहाटेची कंपनीची बस. त्यांना न्हाऊ घालायचं, डबा भरायचा आणि नाक्यावर पोचायचं, यात रोज माझा जीव जातो. नवऱ्याला ते दिसत होतं. त्यानं गोठ्यातलं मशीन सुटं केलं. ब्रश काढून टाकले. त्याच पाइपाची धरायला दांडी असलेली खुर्ची केली, तेच फवारे वर लावले, कोमट पाण्याचं तेच वेटोळं जोडलं. बटण दाबलं की म्हातारीच्या अंगावर सगळीकडून सारखं पाणी, बाईला वाकायला नको.

काल पहिल्यांदा त्यांना त्यात बसवलं. त्यांनी दांडीवर मनगटं टेकली. दोन्ही बाजूंचे पाइप त्यांनी ओळखले, मला ते कळलं.

"हातानं घाल गं," त्या म्हणाल्या. कित्येक दिवसांनी बोलल्या.

नाक्यावरून बसचा हॉर्न ऐकू आला. मी बटण दाबलं. पाणी पडलं तशी त्यांनी मान आत ओढून घेतली आणि खांद्यावरची कातडी थरथरली. मग त्या मुकाट बसून राहिल्या. पाणी अगदी बेताचं कोमट होतं.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "नीट चाललं का?"

"चाललं," मी म्हटलं. त्याच्या मशीनमध्ये खोट कधीच नसते.